एस्लिनचं नाक आणि कथबर्टचा पेटारा

एस्लिनच्या नाकाशी वाद घालायचा नसतो, हे बेटावरच्या आमच्या मोर्न लाझार गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोकोच्या ओल्या बिया आंबवायला पेटीत भरून वर केळीची पानं झाकली, की बाकीचे लोक दिवस मोजत बसतात. एस्लिन मोजत नाही. सकाळी वाळवणघरात जाते, पान बाजूला सारते, वाकते आणि निकाल देते. "अजून गोड दारूच आहे" म्हणाली, की कोणी हात लावायचा नाही. "आता व्हिनेगर" म्हणाली, की फावडं घ्यायचं आणि बिया वरखाली करायच्या. आणि ज्या सकाळी ती वास घेऊन काहीच न बोलता अंगणाकडे चालू लागते, त्या सकाळी बिया उन्हात काढायच्या. पलीकडच्या टेकडीवरचा लेनॉक्स, स्वतःचा एवढा मोठा मळा असलेला माणूस, तोसुद्धा मूठभर बिया खिशात घालून तिच्याकडे येतो. येतो आणि वर तिच्याशीच हुज्जत घालतो, ती गोष्ट वेगळी.

मी मर्ल. खाली समुद्राकाठी माझं तळलेल्या माशांचं दुकान आहे. एस्लिनच्या मुलीला चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली धरणारी धर्ममाता मी, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींना मकोमे म्हणतो. हे नातं आम्ही सख्ख्या बहिणीच्या वरचं मानतो, कारण बहीण काही आपण निवडलेली नसते. आता ह्या मकोमेबद्दल सांगायचं तर ती हट्टी आहे, तिला भूक लागली की तिच्याशी बोलू नये, आणि ती गाते भयंकर. बियांतून चालताना गाते. आमच्याकडे कोको हातानं नाही, पायानं परततात. लाकडी खणांत बिया पसरलेल्या असतात, त्यांतून अनवाणी, पाय न उचलता, फरफटत सरळ जायचं, वळायचं आणि परत यायचं. पाऊस आला तर खण रुळांवरून ढकलून वाळवणघराच्या पोटात सारायचे. एस्लिन नवऱ्याची जुनी टोपी डोक्यावर घालून चालते आणि देवाची गाणी अशी म्हणते की देवानंही कान झाकावेत.

तिचा नवरा कथबर्ट कोकोवाला नव्हताच. तो जायफळवाला. त्याची झाडं एवढी होती की मळ्यात भरदुपारी अंधार असायचा. जायफळावरची लाल जायपत्री सोलून तो ती एका मोठ्या पेटाऱ्यात महिनोन्‌महिने मुरवायचा. पेटारा त्यानं स्वतः केलेला, देवदारी लाकडाचा, झाकण असं घट्ट की मुंगी आत जाणार नाही. मग ते मोठं वादळ आलं. एका दुपारी सगळी झाडं आडवी झाली. जायफळाचं झाड पुन्हा फळाला यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि कथबर्टकडे तेवढं उरलेलं नव्हतं. कोको मात्र दोन-तीन वर्षांत पुन्हा उभा राहिला. एस्लिन कोकोकडे वळली, कथबर्ट ओसरीवर बसला. काही वर्षांनी तो ओसरीवरच गेला. त्याच्या मातीला एस्लिनच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक बोलले. मी म्हटलं, बोलू देत, पाहुण्यांसाठी पाव भाजायला ठेवलाय, तिला रडायला वेळ कुठाय.

तोवर सगळ्यांसारख्याच तिच्याही बिया वाळल्या की सरळ खरेदी केंद्रावर जायच्या, तिथे अख्ख्या बेटाच्या ढिगात पडायच्या आणि कुठेतरी परदेशात कोणाच्या तरी नावाचं चॉकलेट व्हायच्या. एक दिवस एस्लिन दुकानात आली, तळलेला मासा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली, "मकोमे, मी माझं चॉकलेट करणार."

"आणि खाणार कोण?"

"ज्याला तोंड आहे तो."

केलं तिनं. हिंदुस्थानातून दगडी चाकांचं यंत्र मागवलं, तिथे म्हणे त्यात डाळ-तांदूळ वाटतात. आमचा कोको त्यात दिवसरात्र फिरू लागला. बिया भाजायच्या, फोडायच्या, सालपट पाखडायचं, साखर घालून वाटायचं, संगमरवराच्या फरशीवर पसरून निववायचं, साच्यात ओतायचं. सगळं ती शिकली, काही पोळून, काही वाया घालवून. तपकिरी कागदात वड्या गुंडाळून वर लिहायची: एस्लिनचं, मोर्न लाझार, फक्त कोको आणि साखर. आता बिया केंद्रावर जात नव्हत्या म्हणून त्या साठवायला जागा हवी होती. कथबर्टचा पेटारा रिकामाच होता. तिनं तो चुन्याच्या पाण्यानं घासला, उन्हात तापवला, आत डोकं घालून हुंगला आणि बिया भरल्या. उंदरांच्या नाकावर टिच्चून त्या तिथे महिनाभर मुरायच्या.

बेल्जियमच्या मिस हिल्डे आल्या त्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळे मळेवाले आपापल्या वड्या मांडून बसले होते. ह्या बाईचं तिकडे छोटं दुकान. तिला एकाच मळ्याचा कोको हवा होता, ढिगातला नको, आणि माल आवडला तर वडी करणाऱ्याचं नावही छापणार होती. ती एकेक वडी तोडायची, डोळे मिटायची, पाणी प्यायची, पुढे सरकायची. एस्लिनच्या वडीपाशी ती थांबली. दुसरा तुकडा घेतला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"फार छान," ती म्हणाली. "सगळ्यांत छान. पण ह्यात जायफळ आहे."

"नाही," एस्लिन म्हणाली.

"थोडंसं. अगदी शेवटी येतं, जिभेच्या मागे."

"बाई, कागदावर काय लिहिलंय वाचा. ते मी माझ्या हातानं लिहिलंय."

"मला आवडलंय हो," हिल्डेबाई कानकोंड्या झाल्या. "तुम्ही कागदावर मसाला लिहा, मी सगळा माल घेते."

"जो घातला नाही तो लिहू कशाला?"

"मग मला नाही घेता येणार. मी गिऱ्हाइकाला सांगते, कोको आणि साखर, बाकी काही नाही. उद्या कोणी मला खोटी म्हणालं तर?"

"आणि मला आज म्हणताय ते?"

लेनॉक्सला गप्प राहणं सोसत नाही. आमच्याकडे थोरल्या बाईला टांटी म्हणतात; तो मागून म्हणाला, "टांटी, कोको-टीचे जायफळ घातलेले गोळे वळता वळता तोच हात इकडे आला असेल. वय झालं की होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

"मी हात धुऊन येते, लेनॉक्स. तू तोंड धुऊन येत जा."

लोक हसले, पण बोलणं मागे राहिलं. आमच्याकडे जायफळ घालणं हे काही पाप नाही. आम्ही ते चहात घालतो, सरबतात घालतो, आजाऱ्याच्या छातीला लावतो, आणि त्याची टरफलं खडीसारखी अंगणात आणि वाटेवर अंथरतो, म्हणजे चिखल होत नाही. पाप आहे ते घालून नाही म्हणण्यात. आणि एस्लिन ही अशी बाई, की दोन भावांत बांधावरून भांडण लागलं तर दोघं तिच्याकडे येणार, ती म्हणेल त्या दगडापाशी हद्द. त्या महिन्यात असंच एक भांडण आलं. तिनं दगड दाखवला. धाकटा भाऊ म्हणाला, "हिचं काय ऐकायचं? हिची तर वडीपण खरी बोलत नाही." हे तिच्या तोंडावर, तिच्याच अंगणात. मी असते तर त्याला तिथेच फावड्यानं मारला असता. एस्लिन घरात गेली आणि दार लावून घेतलं. मला ते ऐकून जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातलं सगळं जायफळ, किसणीसकट, माझ्याकडे आणून टाकलं. यंत्राचे दगड काढून घासले. भाजायची कढई रेतीनं घासून पांढरी केली. नव्यानं वड्या पाडल्या आणि मला चाखायला लावल्या.

"काय लागतंय?"

"कोको."

"नीट खा. मागे, जिभेच्या मागे."

"मकोमे, माझ्या जिभेच्या मागे दात पडलेले आहेत. कोको लागतोय."

तिनं अख्ख्या आळीला चाखायला लावलं. सगळ्यांनी कोको सांगितला. वड्या बेल्जियमला गेल्या. उत्तर माझ्या फोनवर आलं, कारण तिचा फोन म्हणजे नुसता आवाजाचा डबा. हिल्डेबाईंनी अगदी मायेनं लिहिलं होतं की चव अजून आहे, कमी नाही, जरा जास्तच आहे.

"तिचं नाक कुजलंय," एस्लिन म्हणाली. मग पुढ्यातला मासा बाजूला सारला. "मकोमे, खरं सांग. मी झोपेत उठून तर घालत नाही ना?"

ही बाई, जी देवाला चुकीच्या सुरात गाऊन दाखवते आणि वर त्यालाच कौतुक कर म्हणते, ती मला हे विचारत होती. मला त्या बेल्जियमचा, लेनॉक्सचा, सगळ्या जगाचा राग आला. मी तिला म्हटलं, "झोपेत तू घोरतेस फक्त. मासा खा."

ऑगस्टमध्ये, कार्निव्हलला, जेनिल आली. एस्लिनची एकुलती एक, माझी धर्मकन्या, टोरांटोत दवाखान्यात काम करते. कितीतरी वर्षांनी येत होती. कथबर्ट गेला तेव्हा तिचे कागद अडकले होते, बापाच्या मातीलाही तिला येता आलं नाही. गाडी अंगणात थांबली, तिनं दार उघडलं, एक पाय टरफलांवर टाकला, करकर वाजलं, आणि ती म्हणाली, "अगं आई गं! जायफळ!"

"कुठाय?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"कुठाय काय, नेनेन! सगळीकडे!"

लहानपणापासून ती मला नेनेन म्हणते. मी हसायला लागले, म्हटलं पोर पार गोऱ्यांतली झाली. एस्लिन हसली नाही. तिनं लेकीला जवळ घेतलं नाही, पाणी विचारलं नाही, हातातली बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. मनगट धरलं आणि सरळ वाळवणघरात नेली.

"ह्याचा वास घे."

"मम्मी, मी चौदा तासांच्या प्रवासानं..."

"वास घे म्हणते ना!"

जेनिलनं आंबवायच्या पेटीत नाक घातलं. व्हिनेगर. यंत्राचं झाकण काढलं. कोको. खणांवर वाकली, म्हणाली, इथे थोडंसं येतं, अंगणातून. मग एस्लिननं पेटाऱ्याचं झाकण उचललं. जेनिल वाकली ती वाकलीच. डोकं बाहेर येईना.

"काय आहे? उंदीर?" एस्लिननं विचारलं.

पोरीचे खांदे हलत होते. "डॅडी आहे," आतून आवाज आला. "मम्मी, हा डॅडीचा शर्ट आहे. मी शाळेतून आले की त्याच्या पोटाला मिठी मारायचे ना, तोच वास आहे हा."

एस्लिननं तिला बाजूला केलं आणि स्वतः वाकली. एक लांब श्वास घेतला. "कोको," ती म्हणाली. ओंजळ-ओंजळ बिया उपसून तळाचं लाकूड उघडं केलं आणि त्याला नाक लावलं. "नुसता कोको आहे." या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली, झाकणाची आतली बाजू हुंगली, कडा हुंगल्या. मग सरळ झाली. कथबर्टला खड्ड्यात उतरवताना तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"तुला येतो," ती लेकीला म्हणाली. "आणि मला नाही?"

"तू ह्यातच राहतेस, मम्मी. मी बाहेरून आले. टोरांटोत माझ्या घराला कसला वास येतो ते मलाही कळत नाही."

जेनिलनं डोळे पुसले आणि सगळं समजावलं. कोकोत तूप असतं. ते शेजारचा वास ओढून घेतं, जसं लोणी कांद्याशेजारी ठेवलं की होतं. त्या लाकडात कथबर्टची वर्षानुवर्षांची जायपत्री मुरलेली होती, चुन्यानं ती काय जाणार. तो वास बियांत उतरला, जितक्या जास्त मुरल्या तितका जास्त, बियांतून वडीत, आणि वडीतून थेट बेल्जियमच्या बाईच्या जिभेवर. बेटावरच्या कोणाला तो कळला नाही, कारण आमची नाकं जन्मल्यापासून त्यातच बुडालेली.

"म्हणजे मी घातलं नव्हतं," एस्लिन म्हणाली.

"नव्हतं, मम्मी."

"आणि ती बाई खोटं बोलत नव्हती."

"नाही."

"मग पेटारा जाऊ दे इथून."

आता जेनिल बिथरली. म्हणाली, राहू दे तो, खड्ड्यात गेली ती बाई, बाकीच्यांना विक, कागदावर मसाला लिही, डॅडीचा मसाला म्हण. लेक रडून बोलत होती, एस्लिन शांत होती. "तो फोडून जाळायला सांगत नाहीये मी," ती म्हणाली. "पण माझ्या नावाच्या कागदावर दोनच गोष्टी लिहिल्यात. दोनच असणार. तुझा बाप तिसरा होऊन त्यात बसला तरी त्याला उठावं लागेल. त्याला चाललं असतं. जिवंतपणी काय, सांगितलं की उठायचाच."

पेटारा माझ्याकडे आला, दुकानामागच्या खोलीत. तिथे मासळीच्या वासापुढे कोणाचं काही चालत नाही, निदान माझ्या नाकापुढे तरी. न्यायला लेनॉक्सचा ट्रक लागला. तो चढवताना म्हणाला, "टांटी, जड आहे हो. आत काका झोपलेत का?" एस्लिन म्हणाली, "असतील तर हळू चालव." त्याच ट्रकनं अंगणातली सगळी टरफलं उचलून नेली आणि नदीतली वाळू आणून टाकली. लेनॉक्सनं भाडं घेतलं नाही. तोंडानं माफी मागायची त्याची जात नाही, ट्रकनं मागतो. पेटाऱ्याच्या जागी पत्र्याचे नवे डबे आले. जेनिल परत गेली, आणि कोकोचा हंगाम सुरू झाला.

त्या हंगामात एस्लिन खाली माझ्याकडे आली नाही. वेळ नव्हता म्हणाली. मी वर जायचे. तिच्या घरात जायफळाचा कण नव्हता, कोको-टीसुद्धा नुसती दालचिनी घालून, प्यायला शिक्षा. वड्या पडल्या, बेल्जियमला गेल्या, आणि ह्या वेळी उत्तर फोनवर आलं नाही. हिल्डेबाई स्वतः आल्या. पुन्हा तोच हॉल, तेच लोक. त्यांनी एस्लिनची वडी तोडली, डोळे मिटले, पाणी प्यायल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोको आणि साखर."

"मला माहीत आहे," एस्लिन म्हणाली.

बाईंनी पुढच्या हंगामाचा सगळा माल आगाऊ बोलून ठेवला. बांधाच्या भांडणातला धाकटा भाऊ दाराशी उभा होता. तो पुढे आला, टोपी काढली, म्हणाला, "टांटी, तो दगड... तुम्ही म्हणालात तोच बरोबर होता."

"दगड तिथेच आहे," एस्लिन म्हणाली. "तूच हलला होतास."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे जेवायला आली. मी मासे तळत होते, ती दारातूनच बडबडत आली, लेनॉक्सचं तोंड कसं झालं होतं त्याची नक्कल करत. मी म्हटलं, "मकोमे, मागच्या खोलीतून परात आण." ती गेली. नक्कल चालूच होती, आणि मग बोलता बोलता मध्येच तुटली. मी वाट पाहिली. तेल तापून धूर यायला लागला.

"मर्ल," आतून आवाज आला. मकोमे नाही, मर्ल. "कथबर्ट आला होता का इथे?"

मी आच बंद केली आणि आत गेले. पेटाऱ्याचं झाकण अर्धवट उघडं होतं, ती दोन्ही हातांनी काठ धरून उभी होती. अनेक महिने घरात जायफळ नाही, अंगणात टरफल नाही, आणि आता अचानक हा समोर. तिला आला होता तो वास. मी तिच्याशेजारी उभी राहिले. मला काही येत नव्हतं, मासळीशिवाय. तिनं अजून एक श्वास घेतला, आणि मातीच्या दिवशी जे राहून गेलं होतं ते सगळं आलं, आवाज करून, तिच्या गाण्यासारखं, सूर सोडून. मी तिला धरून ठेवलं.

मग एकाएकी तिनं झाकण धाडकन बंद केलं.

"का गं? बस ना थोडी," मी म्हटलं.

"नको." तिनं परात उचलली, बाहीनंच तोंड पुसलं आणि दाराबाहेर होऊन मला म्हणाली, "चल, दार लाव. जास्त वेळ उभी राहिले तर नाकाला सवय होईल, आणि मग तो पुन्हा येणार नाही."

आता ती ईस्टरला येते, ख्रिसमसला येते आणि त्याच्या वाढदिवसाला. झाकण उघडते, एकच श्वास घेते, बंद करते. मध्ये कधी वाटलं तर दुकानापर्यंत येते, मागच्या दाराकडे बघते आणि मासा खाऊन वर जाते.